फोटोत कधीच न दिसलेल्या उस्तादांना

आदरणीय उस्ताद,

जय हिंद.

तुम्ही पेन्शनवर घरी आल्याचं पलटणीतल्या एका दोस्ताकडून कळलं. फोन केला असता, पण आभाराचं पहिलं वाक्य पुरं व्हायच्या आत तुम्ही "बरं बरं, तब्येतीला जप" म्हणून फोन ठेवला असता, हे मला पक्कं ठाऊक आहे. म्हणून हे पत्र लिहितोय, आणि तेही सगळ्यांना वाचता यावं असं. राष्ट्रपती भवनाच्या प्रांगणात परदेशी पाहुण्याला सलामी देणारी गारद लोकांनी टीव्हीवर पाहिलेली असते. ती उभी करणारा, कवायत शिकवणारा उस्ताद कुणी पाहिलेला नसतो. तुम्ही आमच्या पाठीमागे, कॅमेरा पोचणार नाही अशा जागी उभे असायचात.

आपली पलटण पायदळाची. राष्ट्रपती भवनाच्या गारदेचं काम पायदळाच्या पलटणी आळीपाळीनं करतात आणि मुदत संपली की पुन्हा आपापल्या वाटेनं सीमेकडे जातात, हे बाहेर फारसं कुणाला माहीत नसतं. 1773 साली उभं राहिलेलं अंगरक्षकांचं घोडदळ वेगळं. तिथल्या जवानाची अख्खी नोकरी त्या एकाच पथकात जाते. आम्ही आलो होतो डोंगरातल्या चौक्यांवरून, आडोसा धरून वाकून चालायची सवय घेऊन. पहिल्याच फॉलइनला, म्हणजे रांगेत उभं राहायच्या हजेरीला, तुम्ही म्हणालात, "आजवर दिसू नये म्हणून शिकलात. आता दिसायला शिका." मग आम्हाला कदवार उभं केलंत, उंच गडी दोन्ही टोकांना आणि बुटके मध्ये, आणि कामाला सुरुवात झाली.

सावधानमध्ये उभं राहणं म्हणजे काहीच न करणं, असं बघणाऱ्याला वाटतं. टाचा जुळलेल्या, पंजे 30 अंशांत उघडे, नजर समोर. पण शरीराला हे मुळीच मानवत नाही. चालताना पोटऱ्या आवळतात, सैल होतात आणि पायातलं रक्त वर ढकलतात. माणूस निश्चल झाला की ते ढकलणं थांबतं, रक्त पायात साठतं, डोक्याला कमी पडतं आणि धडधाकट गडी उभ्याचा आडवा होतो. गुडघे मागे ओढून घट्ट धरले की आणखी लवकर. तुम्ही हे शास्त्र कधी फळ्यावर मांडलं नाहीत. रांगेमागून चालत यायचात आणि पुढच्यालाही ऐकू जाणार नाही अशा आवाजात विचारायचात, "बोटं जिवंत आहेत ना?" बुटाच्या आत पायाची बोटं आवळायची, सोडायची, मग पोटरी, पुन्हा बोटं. वरून बुटाचं चामडंही हलता कामा नये. वजन टाचांवरून काढून चवड्यांवर घ्यायचं. ऑगस्टच्या दमट उकाड्यात, पट्टा आवळलेला, डोक्यावर फेटा, घाम पापणीवरून डोळ्यात उतरतोय आणि पुसायचा नाही, अशा वेळी ही बोटंच आम्हाला तारायची. आजही बँकेच्या रांगेत उभा असलो की माझ्या चपलेतली बोटं आपोआप चालू होतात.

तोफांचंही तसंच. राष्ट्रगीत 52 सेकंदांचं, आणि प्रजासत्ताक दिनी 21 तोफांची सलामी त्याच 52 सेकंदांत बसते. चार किलोहून जड रायफल सलामी शस्त्रमध्ये छातीसमोर धरलेली असते. परदेशी पाहुणा असला की त्यांचं राष्ट्रगीत आणि आपलं, दोन्ही संपेपर्यंत ती तशीच. धमाक्याला पापणी लवणारच. तुम्ही म्हणालात, "पापणी लवू दे, ती देवानं दिलीय. खांदा हलला तर माझ्याशी गाठ आहे." माणसाकडून काय मागायचं आणि काय मागायचं नाही, हे इतकं नेमकं जाणणारा शिक्षक मला पुन्हा भेटला नाही.

सराव मात्र सगळ्यांना कळतो, म्हणून त्यावर फार लिहीत नाही. डिसेंबर-जानेवारीतलं धुकं, अंधारातच कर्तव्यपथावर पोचणं, मिनिटाला 120 पावलांची तेज चाल, 70 पावलांची धीमी चाल, आणि 30 इंचांचं एकेक पाऊल मोजत शेजारून चालणारी तुमची पेस स्टिक. पुढे पुढे ती स्टिक नसली तरी पाऊल 30 इंचांवरच पडायला लागलं.

लोकांना न दिसणारा भाग बॅरेकमधला. दिवसाचा मोठा हिस्सा तिथेच जायचा. बोटाला सुती फडकं घट्ट गुंडाळायचं, पॉलिश जेमतेम लावायचं, पाण्याचा एक थेंब टाकायचा आणि बुटाच्या नाकावर लहान लहान गोल फिरवत राहायचं. सुरुवातीला सगळं धुरकट होतं आणि वाटतं, होतं तेही गेलं. मग कधीतरी त्या काळ्यात खिडकी दिसायला लागते. बक्कल ब्रासोनं घासायचं, पण पट्ट्यावर हिरवट डाग उतरू द्यायचा नाही. इस्त्री झालेली वर्दी एकदा चढली की बसायचं नाही, गाडीतसुद्धा उभ्यानं जायचं, नाहीतर गुडघ्यामागची क्रीझ मोडते. पलटणीचे टेलर मास्टर, मोची आणि धोबी रात्ररात्र आमच्यासाठी जागे असायचे. तुम्ही त्यांना प्रत्येक समारंभानंतर आमच्यासमोर नावानं हाक मारून शाबासकी द्यायचात. या पत्रातले निम्मे आभार त्यांचे आहेत, हे तुम्हाला आवडेल.

ज्या एका गोष्टीसाठी हे पत्र उघड लिहावंसं वाटलं, ती आता सांगतो. एका रंगीत तालमीत माझ्या डावीकडचा जवान कोसळला. मागे राखीव उभे असलेल्या दोघांनी त्याला आणि त्याच्या रायफलीला बाहेर घेतलं, तिसरा त्याच्या जागी उभा राहिला, रांगेतल्या कुणीही मान वळवली नाही. शिकवलंच तसं होतं. त्यानंतर त्याचं काय होईल याची धास्ती आम्हा सगळ्यांना होती, कारण अशा पोराच्या मागे टोमणे लागतात आणि ते नोकरीभर सुटत नाहीत. तुम्ही त्याच्याजवळ बसलात आणि एवढंच विचारलंत, "सकाळी खाल्लं होतंस का?" त्यानं खाल्लं नव्हतं. तयारीतून वेळच मिळाला नव्हता. पुढच्या समारंभापासून तुम्ही पहाटे स्वतः मेसमध्ये उभे राहायला लागलात. प्रत्येक जवानाच्या पोटात काही गेलं, पाणी गेलं, हे डोळ्यांनी पाहिल्याशिवाय वर्दी चढवू द्यायचा नाहीत. आणि पुढच्या तालमीला त्याला त्याच जागी उभं केलंत. स्वतः त्याच्या बरोब्बर मागे जाऊन उभे राहिलात, शेवटपर्यंत. तो पोरगा पुन्हा कधी पडला नाही, आणि पलटणीत त्या दिवसाचा विषय पुन्हा कुणी काढला नाही.

समारंभांच्या चमकदार दिवसांबद्दल लोक मला आवडीनं विचारतात. अंत्यसंस्काराच्या तुकडीबद्दल कुणी विचारत नाही. माझ्या मते आमचं खरं काम ते होतं. शवपेटीवर तिरंगा पांघरताना केशरी पट्टा डोक्याकडे येतो. झेंडा चितेत जाऊ द्यायचा नाही की कबरीत उतरू द्यायचा नाही; त्याआधी तो काढून घ्यायचा आणि घरच्यांच्या हाती सोपवायचा. त्याची घडी तुम्ही आमच्याकडून किती वेळा करून घेतलीत! केशरी आणि हिरवा पट्टा पांढऱ्याखाली, मग दोन्ही बाजूंनी मध्याकडे, अशोकचक्र वर दिसेल अशी. तळहातांवर धरायचा, बोटांनी आवळायचा नाही. शोक शस्त्रमध्ये, म्हणजे रायफल उलटी टेकवून, खाली मान घालून कसं उभं राहायचं, तिसऱ्या फैरीनंतर बिगुलावर लास्ट पोस्टची निरोपाची धून वाजत असताना श्वास कसा आवरायचा, हे सगळं शिकवलंत. पण मला जन्मभर पुरेल अशी गोष्ट त्याच्याही पुढची होती. तुम्ही म्हणालात, "झेंडा देताना घाई नको. त्या माउलीच्या हातात बळ नसतं. तिनं धरलाय हे तुला तुझ्या हाताला कळू दे, मगच सोड." पुढे मी तो झेंडा एका आईच्या हातात दिला. तिचे हात थरथरत होते आणि तिनं बराच वेळ तो उचललाच नाही. मी तसाच थांबलो. मागून कुणी घाई केली नाही, कारण तिथेही तुम्हीच उभे होतात.

राष्ट्रीय युद्ध स्मारकावर पुष्पचक्राच्या कार्यक्रमाला आपण जायचो, तेव्हा काम संपल्यावर तुम्ही आम्हाला लगेच गाडीत चढू द्यायचा नाहीत. तिथल्या त्याग चक्राच्या भिंतींवर शहीद जवानांची 25 हजारांहून जास्त नावं आहेत. "आपल्या पलटणीची शोधा," म्हणायचात, आणि आम्ही ग्रॅनाइटवर बोट फिरवत ती शोधायचो. नव्या पोरांना ती पाठ झालेली असत.

उस्ताद, दिल्लीनंतर मी पुन्हा सीमेवर गेलो, मग मीही सेवेतून बाहेर पडलो. माझ्याजवळ जो धीर आहे, दुसऱ्याच्या दुःखासमोर गडबडून न जाता उभं राहण्याची जी काही ताकद आहे, ती तुमच्या त्या ग्राउंडवरची आहे. त्यासाठी मनापासून आभार. वहिनींचेही आभार. तुमच्या वाट्याच्या कितीतरी सुट्ट्या आमच्या समारंभांत गेल्या, आणि तिकडे घर त्यांनी एकटीनं ओढलं.

एक विनंती आहे. ड्रिलच्या पुस्तकात पावलांची लांबी आहे, पंजांचा कोन आहे. बुटातली बोटं, मेसमधला पहाटेचा पहारा आणि झेंडा कधी सोडायचा, हे त्यात नाही. ते तुम्ही लिहून काढा. हात दुखत असेल तर तुम्ही सांगा, मी लिहून घेतो. पुढच्या महिन्यात दोन-तीन दिवस मोकळे ठेवा, मी वही घेऊन येतोय. येऊ नको म्हणालात तरी येणार आहे.

आपला,
डावीकडून दुसरा