मोठ्या 'डब्ल्यू'ची तयारी

प्रिय मित्रा,

'इट्स अ मॅड, मॅड, मॅड, मॅड वर्ल्ड' हा जुना अमेरिकन विनोदी सिनेमा सगळ्यांना एकत्र बसवून दाखवायचा तुझा बेत वाचून फार आनंद झाला. २००७च्या 'धमाल'मधला, ज्याच्याखाली पैसा पुरलेला असतो तो 'डब्ल्यू' आपल्याकडे पोराटोरांना पाठ आहे. त्याच्या ४४ वर्षं आधीचा हा मूळ 'डब्ल्यू' मात्र विसरल्यात जमा आहे. लोक कंटाळतील का, असं तू विचारलं आहेस. प्रत चुकली किंवा पडदा चुकला तर नक्की कंटाळतील, म्हणून आधी तेच सांगतो.

स्टॅन्ली क्रेमरने हा सिनेमा अल्ट्रा पॅनाव्हिजन ७० मध्ये काढला. म्हणजे ६५ मिलिमीटरची निगेटिव्ह आणि चित्राची रुंदी उंचीच्या २.७६ पट. एका चौकटीत सात-आठ माणसं शेजारी शेजारी उभी असतात. डावीकडचा बोलतो आणि गंमत उजव्या टोकाच्या माणसाच्या चेहऱ्यावर घडते. जुन्या चौकोनी टीव्हीसाठी कापलेल्या प्रतीत निम्म्याहून जास्त रुंदी गेलेली असते, त्यामुळे विनोद ऐकू येतो पण दिसत नाही. तशी प्रत फुकट मिळाली तरी घेऊ नकोस. आताच्या ५५ इंची टीव्हीवर चित्र साधारण ४८ इंच रुंद आणि साडेसतरा इंच उंच येईल, वरखाली काळे पट्टे राहतील. कोणीतरी हमखास म्हणणार, 'झूम कर'. करू देऊ नकोस, कडेची माणसं लगेच बाहेर जातात. प्रोजेक्टर आणि मोकळी भिंत मिळाली तर सोन्याहून पिवळं.

आता प्रत. ७ नोव्हेंबर १९६३ला लॉस एंजेलिसचं सिनेरामा डोम हे थिएटर याच सिनेमाने उघडलं, तेव्हा त्याची लांबी सुमारे १९२ मिनिटं होती. पुढे जवळजवळ अर्धा तास कापला गेला. पोलीस कप्तानाचे (स्पेन्सर ट्रेसी) बरेच धागे त्यात गेले, आणि म्हणून लहान आवृत्तीत त्याचा शेवटचा निर्णय थोडा अचानक वाटतो. जुने सिनेमे निगुतीने डिस्कवर काढणाऱ्या क्रायटेरियन या अमेरिकन कंपनीच्या २०१४च्या संचात दोन्ही आवृत्त्या आहेत: १६३ मिनिटांची सर्वत्र दाखवली गेलेली, आणि रॉबर्ट हॅरिसने हाती लागलेल्या तुकड्यांतून जुळवलेली १९७ मिनिटांची. लांब आवृत्तीत काही ठिकाणी रंग उडालेले आहेत, तर काही ठिकाणी नुसता आवाज आहे आणि चित्राच्या जागी स्थिर फोटो. हे समजून घेणाऱ्याला ती मोलाची, पण पहिल्यांदा बघणाऱ्याची लय तिथे तुटते. मंडळींना १६३ची दाखव, १९७ची तू नंतर एकटा बघ. आणखी एक, ब्ल्यू-रे डिस्क जगाच्या ठरावीक भागातल्या (रीजनच्या) प्लेअरवरच चालेल अशी बांधलेली असू शकते. ती डिस्क रीजन 'ए'ची आहे आणि भारत रीजन 'सी'मध्ये येतो. तुझा प्लेअर सगळे रीजन चालवतो का, ते आदल्या दिवशी डिस्क घालून बघ.

सुरुवातीला अर्नेस्ट गोल्डचं संगीत वाजतं आणि पडद्यावर काहीच हलत नाही. बिघाड समजून कोणी रिमोट हातात घेईल, म्हणून आधीच सांगून ठेव. त्यानंतर सॉल बासची ॲनिमेशनमधली श्रेयनामावली येते. तीसुद्धा बघण्यासारखी आहे, त्या वेळी चहा वाटू नकोस. मध्यंतर मूळचंच आहे, तिथे पंधरा मिनिटं खुशाल घे.

गोष्ट दोन ओळींची आहे. डोंगरी रस्त्यावर एक गाडी दरीत कोसळते. मरता मरता चोर सांगतो, की सांता रोझिटाच्या पार्कात एका मोठ्या 'डब्ल्यू'खाली ३,५०,००० डॉलर पुरले आहेत. प्राण जाताना त्याचा पाय बादलीला लागतो आणि बादली घरंगळत जाते. इंग्रजीत 'बादलीला लाथ मारणे' म्हणजे मरणे. हे कोणाच्या कानावर घालून ठेवलंस तर पहिलं हसू तिथेच मिळेल.

सगळ्या सिनेमाची किल्ली मात्र पुढच्या वाटणीच्या भांडणात आहे, तिथे नीट लक्ष दे. अपघात बघून थांबलेल्या गाड्या चार, त्यांतली माणसं आठ, चोराकडे दरीत उतरलेले पाच. डोकी मोजली तर प्रत्येकी ४३,७५०. गाड्या मोजल्या तर गाडीमागे ८७,५००. उतरलेले मोजले तर प्रत्येकी ७०,०००. आता बायको आणि सासूला घेऊन निघालेला फिंच बघ: डोक्यांच्या हिशेबाने त्याच्या गाडीला १,३१,२५०, उतरलेल्यांच्या हिशेबाने फक्त ७०,०००. बेंजी आणि डिंग हे दोघं मित्र, दोघंही उतरलेले, त्यांना १,४०,००० पडतात. एकट्या ट्रकवाल्या पाइकला गाड्यांचा हिशेब सोयीचा. कुठलाही हिशेब खोटा नाही आणि कुठल्याही हिशेबात कोणीतरी मार खातंच. म्हणून ती माणसं वेडी ठरत नाहीत, पटतात. पुढचा सगळा धुमाकूळ या बेरीज-भागाकारातून निघतो. अशा सिनेमाची नक्कल करणारे पळापळ उचलतात आणि हे गणित मागे ठेवतात.

पाइकने (जोनाथन विंटर्स) पेट्रोल पंप उद्ध्वस्त करायचा प्रसंग मोडतोडीचा नमुना म्हणून बघ. आधी हातातल्या वस्तू, मग भिंती, मग छप्पर आणि सर्वांत शेवटी पाण्याची टाकी, असं नुकसान पायरीपायरीने वाढत जातं. टाकी आधी पडली असती तर पुढचं सगळं फिकं झालं असतं. विमान जाहिरातीच्या फलकातून आरपार जातं तेही खरं उड्डाण आहे. फ्रँक टॉलमन या कसरतबाज वैमानिकाने ते केलं. फलकावर कागद लावायचं ठरलं होतं, निरोपाच्या घोळात चिवट लिननचं कापड लागलं आणि पंखांच्या पुढच्या कडा आतल्या मुख्य दांड्यापर्यंत चेपल्या. तरी त्याने विमान धावपट्टीवर आणलं. या सिनेमाला ऑस्कर मिळालं ते ध्वनिपरिणामांसाठी. म्हणून आवाज टीव्हीच्या बारीक स्पीकरवर सोडू नकोस.

उणीव आहे. दाताचा डॉक्टर आणि त्याची बायको हार्डवेअरच्या दुकानाच्या तळघरात अडकतात, तो भाग पुन्हा पुन्हा येतो आणि दर वेळी थोडा जास्त रेंगाळतो. तिथे कोणी उठलं तर उठू दे. पण विमानतळावर अग्निशामक दलाचे जवान दिसतील तेव्हा सगळे जागेवर हवेत. थ्री स्टूजेस ही जुनी अमेरिकन विनोदी तिकडी तिथे काही सेकंद नुसती उभी आहे. बोलत नाहीत, हलत नाहीत. एकमेकांना बदडणारी ही तिघं इतकी गप्प उभी आहेत, हाच तो विनोद, आणि ती कोण हे ठाऊक नसेल तर तो कळतच नाही. त्यांची एखादी छोटी फिल्म आधी दहा-पंधरा मिनिटं दाखवून घे.

तुझाच मित्र