लहान आतड्याच्या कॅप्सूल तपासणी निधीसाठी नम्र आवाहन

स.न.वि.वि.

महालातील आपल्या मंडळाची ओळख नागपूरकरांना नव्याने करून द्यावी लागू नये. दीक्षाभूमीवर धम्मचक्र प्रवर्तन दिनी चालणारे आपले औषध केंद्र, इतवारीतील धान्य व्यापारी बंधूंनी एका बैठकीत शब्द देऊन महिन्याच्या आत दारात उभी केलेली रुग्णवाहिका आणि माजी अध्यक्षांच्या पत्नींनी स्वतःच्या पाटल्या मोडून घेऊन दिलेली शवपेटी, हे सारे आपल्याच माणसांच्या औदार्यातून उभे राहिले असून मंडळ त्यांचे कायमचे ऋणी आहे.

गेल्या वर्षी मात्र कॅप्सूल (गिळायची, आतड्याची आतून छायाचित्रे काढणारी कॅमेऱ्याची गोळी) निधीसाठी पाठवलेल्या पत्रांना मोजकीच उत्तरे आली, याची खंत वाटते. कारण उघड आहे. रुग्णवाहिकेवर नाव रंगवता येते. कॅप्सूल एकदाच वापरायची असते आणि शौचावाटे निघून जाते.

तोंडावाटे घातलेली नेहमीची दुर्बीण लहान आतड्याच्या आरंभापर्यंत पोहोचते आणि गुदद्वारातून घातलेली त्याच्या शेवटच्या टोकापर्यंत. मधला कित्येक फुटांचा भाग दोन्हींच्या नजरेआड राहतो. क्रोन्स आजाराचे (आतड्याला दीर्घकाळ सूज आणणाऱ्या विकाराचे) व्रण नेमके तेथेच असले, तर पोटदुखी, जुलाब, रक्तक्षय आणि घटते वजन घेऊन गडचिरोली, गोंदिया, बालाघाटकडचे रुग्ण धंतोली-रामदासपेठेत दवाखान्यांचे उंबरठे झिजवत राहतात. आतड्याचा क्षयही बराचसा असाच दिसत असल्यामुळे काहींना महिनोन्‌महिने क्षयाची औषधे घ्यावी लागतात आणि मूळ दुखणे तसेच राहते.

सुमारे २६ मिलिमीटर लांब आणि ११ मिलिमीटर रुंद अशी ही कॅप्सूल पाण्याबरोबर गिळली की आठ तास किंवा अधिक काळ, सेकंदाला दोन किंवा जास्त छायाचित्रे कमरेच्या पट्ट्यावरील यंत्राकडे पाठवते. रुग्णाला भूल लागत नाही, तो त्या वेळात हिंडूफिरू शकतो. हजारो छायाचित्रे तपासण्याचे कष्ट नंतर डॉक्टरांचे. अमेरिकेत २००१ साली मान्यता मिळालेली ही तपासणी आमच्याकडील गरिबाला अजूनही परवडत नाही. तिने तपासणीसाठी आतड्याचा तुकडा काढता येत नाही, हेही स्पष्ट सांगतो; पण व्रण कोठे आहेत हे कळले की पुढची तपासणी नेमकी करता येते. आतडे अरुंद झाले असल्यास कॅप्सूल अडकू शकते, म्हणून अशी शंका असलेल्या रुग्णाला आधी विरघळणारी चाचणी-कॅप्सूल द्यावी लागते आणि तिचाही खर्च निधीतूनच करायचा आहे.

तान्ह्या पोळ्यापूर्वी देणगी यावी. धनादेश मंडळाच्या नावे. रोख रक्कम कार्यालयात सायं. ६ ते ८, रविवार सोडून, पावती मागून घ्यावी. एका कॅप्सूलचा खर्च दोघा-तिघांनी मिळून उचलला तरी चालेल, चालू दर कार्यालयात कळेल. रुग्णाची शिफारस पोटविकारतज्ज्ञांच्या चिठ्ठीसह आणावी.

आपला नम्र,
चिटणीस