छोटूला मार्क विचारू नकोस

खानापूर
17 ऑक्टोबर 2021

प्रिय बंड्या,

परवा फोनवर तू तुझ्या धाकट्या भावाबद्दल, छोटूबद्दल, "नुसता लोळतोय, मोबाइल काढून घ्या त्याचा" म्हणालास, तेव्हा काकूंचा फोन स्पीकरवर होता. त्यानं सगळं ऐकलं. म्हणून सविस्तर लिहितोय. पोराला आळस चढलेला नाही रे, त्याचं मन आजारी पडलंय.

रात्री तीन-साडेतीनपर्यंत त्याच्या खोलीत उजेड असतो, मग दुपारपर्यंत अंथरुणात. मोबाइल हातात असतो, पण बघत काहीच नाही. अंगठ्यानं तोच स्क्रीन वर सरकवत राहतो. काकूंनी त्याच्या आवडीची सुक्या बांगड्याची चटणी केली होती, अर्धी भाकरी मोडून उठला. मलप्रभेत सगळ्यांच्या आधी उडी मारणारा पोरगा हा, आता उंबऱ्याबाहेर पडत नाही.

हे एका दिवसात झालेलं नाही. दहावीपर्यंत मराठी शाळा, पीयूसी म्हणजे अकरावी-बारावी सायन्सला सगळं इंग्रजीत. कॉलेज चालू असतं तर अडलेलं बाकावरच्या पोराला विचारलं असतं. ऑनलाइन क्लासमध्ये कुणाला विचारणार? रेंज गेली की अर्धा धडा गेला. तरी जानेवारीत कॉलेज उघडल्यावर पोरगा रात्र रात्र बसून अभ्यास करत होता, मी बघितलंय. आणि 4 जूनला सरकारनं परीक्षाच रद्द केली. दहावी, पहिली पीयूसी आणि अंतर्गत गुणांवरून निकाल लावला, 20 जुलैला झाडून सगळे पास. कट्ट्यावर आता "करोना पास" म्हणून चिडवतात. ज्याला खरंच काही करून दाखवायचं होतं त्यालाच ते जास्त लागतं.

त्यात आजी गेली. तिला दवाखान्यातून परस्पर नेलं, शेवटचं तोंडही बघायला मिळालं नाही. तू तिकडं पुण्यात अडकलेला. लहानपणापासून तो तिच्याच कुशीत झोपलेला. तिचं नाव त्यानंतर त्यानं एकदाही काढलेलं नाही, आणि मला त्याचीच जास्त भीती वाटते.

याच महिन्यात युनिसेफचा अहवाल आलाय. 21 देशांतल्या 15 ते 24 वयाच्या पोरांना त्यांनी विचारलं होतं. मनाचा त्रास असला तर दुसऱ्याची मदत घेणं चांगलं, असं आपल्या देशात फक्त 41 टक्के म्हणाले. सगळ्या देशांची सरासरी 83 टक्के. वाचून नवल वाटलं नाही. आपल्या गल्लीत धारवाडचं नाव काढलं की वेड्यांचा दवाखाना, एवढंच ठाऊक. काकूंनाही तीच धास्ती, लोक काय म्हणतील. अरे, तिथल्या डिमहान्समध्ये, म्हणजे मनाच्या आजारांच्या त्या दवाखान्यात, झोप उडालेली, भूक मेलेली साधी माणसंही जातात, औषधं घेतात, बरी होतात.

मी त्याला सरळ विचारलं, जिवाचं काही बरंवाईट करावंसं वाटतं का? विचारल्यानं तसलं काही डोक्यात भरत नाही, उलट माणूस मोकळा होतो, असं डॉक्टरच सांगतात. "तसं नाही दादा, पण उठून करायचं काय तेच कळत नाही," म्हणाला. तेवढंच बोलला, पण बोलला.

आता काय करायचं ते. तालुका दवाखान्यात मंगळवारी मानसोपचाराचे डॉक्टर यावेत म्हणून कर्नाटकात मनोचैतन्य योजना आहे. मी उद्याच दवाखान्यात जाऊन वेळ विचारून येतो. गरज पडली तर तिथून धारवाडला जाऊ. केंद्राची 'किरण' हेल्पलाइनही गेल्या वर्षीपासून चालू आहे, मराठी आणि कन्नड दोन्हीत बोलता येतं. तो नंबर मी त्याच्या मोबाइलमध्ये घालून दिलाय.

पण माझ्याबरोबर दवाखान्यात यायला तो लाजतो. थोरला भाऊ बरोबर असला तर येईल. दिवाळी 4 नोव्हेंबरला आहे, तोवर थांबू नकोस. महाराष्ट्र-कर्नाटक हद्दीवरच्या कोगनोळी नाक्यावर करोनाच्या आरटीपीसीआरचा रिपोर्ट मागतात, तो आधी काढून ठेव आणि चार दिवस जादा रजा टाक. आल्यावर मार्क, सीईटी, पुढं काय, यातलं काही काढू नकोस. आजीचा विषय निघाला तर निघू दे, रडला तर रडू दे.

आणि आज रात्री फोन कर. काकूंच्या नको, त्याच्या फोनवर कर. अकरानंतर केलास तरी चालेल, जागाच असतो.

तुझा,
मधू