आधी उतरू द्या

महोदय,

शहरातल्या वाढत्या उद्धटपणाबद्दल लिहिणारे बहुतेक जण 'संस्कारच राहिले नाहीत' इथे येऊन थांबतात. हे निदान मला पटत नाही, आणि त्यातून उपाय तर काहीच निघत नाही. अमेरिकेत प्रिन्स्टन इथे झालेला आणि १९७३ मध्ये प्रसिद्ध झालेला एक प्रयोग या बाबतीत बोलका आहे. धर्मशिक्षण घेणाऱ्या विद्यार्थ्यांना एका इमारतीतून दुसरीकडे पाठवले. वाटेत एक माणूस कण्हत, खोकत बसलेला होता. हाताशी भरपूर वेळ असलेल्यांपैकी ६३ टक्के विद्यार्थ्यांनी त्याला काही ना काही मदत केली. 'उशीर झालाय, लवकर जा' असे सांगून धाडलेल्यांपैकी फक्त १० टक्क्यांनी केली. अडलेल्याला मदत करण्याच्या कथेवर बोलायला निघालेले विद्यार्थीही त्यांत होते! संस्कार सगळ्यांचे सारखेच, फरक होता तो घाईचा.

शहरी माणसावर घाईच्या जोडीला गर्दीचाही ताण असतो. दिवसभरात इतके चेहरे समोरून जातात की प्रत्येकाची दखल घेणे शक्यच नसते, म्हणून माणूस लक्ष राखून वापरतो, असे मानसशास्त्रज्ञ स्टॅन्ली मिलग्रॅम यांनी १९७० मध्येच मांडले होते. तेव्हा 'सर्वांशी आपुलकीने वागा' हा उपदेश शहरात फोलच ठरणार. माझा आग्रह वेगळा आहे. आपले खटके ठरावीक चार-पाच जागी उडतात. त्या प्रत्येक जागी नेमके काय करायचे, हे सांगता येते आणि शिकवताही येते.

सगळ्यात वाईट जागा म्हणजे गाडीचे दार. दोन माणसे शेजारी-शेजारी बाहेर पडतील एवढे ते रुंद असले, तरी चढणारे समोरच ठाकले की जेमतेम एक जण अंग चोरून निघतो. आतल्याला वाटते, उतरायचे राहून जाईल. बाहेरच्याला वाटते, दार बंद होईल. दोघेही एकाच भीतीपोटी ढकलतात, आणि दोघांनाही समोरचा माजोरडा वाटतो. चढणाऱ्यांनी दाराच्या दोन्ही अंगांना उभे राहून दाराची पूर्ण रुंदी मोकळी ठेवली, तर सगळे लवकर उतरतात आणि चढायलाही जास्त वेळ मिळतो. शेवटच्या माणसाचा पाय खाली टेकला की चढावे. चढल्यावर दारातच न थांबता निदान दोन-तीन पावले आत सरकावे, कारण पहिला थबकला की त्याच्यामागचे सगळे अडकतात. उतरणाऱ्याने आदल्या थांब्यापासूनच 'तुम्हाला इथे उतरायचंय का?' असे विचारत पुढे यावे. ऐन वेळी कोपराने वाट काढू नये. पाठीवरची सॅक चढण्याआधीच काढून हातात किंवा पोटाशी घ्यावी. ती पाठीमागे वीतभर तरी बाहेर येते आणि तिचा धक्का सॅक घालणाऱ्याला जाणवत नाही. तो सहज वळतो आणि ती बसलेल्याच्या तोंडावर आदळते.

एरवीचा शिष्टाचार गर्दीत उलटाही पडू शकतो, हेही लक्षात घ्यायला हवे. लंडनच्या हॉबर्न स्थानकावर सरकत्या जिन्याची एक बाजू चालणाऱ्यांसाठी मोकळी ठेवायची पद्धत होती. २०१५ मध्ये तिथे काही आठवडे दोन्ही बाजूंना उभे राहायला सांगून पाहिले, तर त्याच जिन्यावरून सुमारे ३० टक्के जास्त माणसे वर गेली. जिना लांब असला की चालत चढणारे थोडेच असतात, आणि त्यांच्यासाठी राखलेली अर्धी जागा वाया जाते.

सिग्नलवरच्या हॉर्नबद्दल थोडे गणित मांडतो. दिवा हिरवा झाल्यावर पहिली गाडी हलायला साधारण २ सेकंद लागतात, आणि पुढे प्रत्येक गाडीमागे आणखी जवळपास तेवढेच. म्हणजे सगळे चालक कितीही तत्पर असले, तरी दहाव्या गाडीची पाळी येईपर्यंत २० सेकंद जाणारच. तिथून हॉर्न दाबून यातला एकही सेकंद वाचत नाही. अगदी जवळ वाजलेला हॉर्न मात्र सहज १०० डेसिबलच्या पुढे जातो (साधे बोलणे ६० च्या आसपास असते), आणि पायी चालणाऱ्याला किंवा दुचाकीवाल्याला तर काचेचाही आडोसा नसतो. पुढचा खरोखरच तंद्रीत असेल, तर तीन-चार सेकंद थांबून एकदाच हलकेच वाजवावा.

रांगेतली भांडणे बरीचशी रांगेच्या रचनेतून येतात. चार खिडक्यांसमोर चार रांगा असल्या की मागून आलेल्याचे काम आधी होते आणि माणूस धुमसायला लागतो. एकच रांग आणि जी खिडकी रिकामी होईल तिथे पहिला माणूस, ही पद्धत केली की ते कारणच उरत नाही. रांग दिसतच नसेल, तर आल्या आल्या 'शेवटचे कोण?' असे मोठ्याने विचारावे. कोणी मध्ये घुसलाच, तर आपले पहिले वाक्य जपून निवडावे. 'दिसत नाही का?' म्हटले की रांग बाजूला राहते आणि अपमानाचे भांडण सुरू होते. 'रांग तिकडून आहे' एवढेच शांतपणे म्हटले, तर ज्याला खरेच कळले नव्हते तो निमूट मागे जातो, आणि मुद्दाम घुसलेल्याला भांडायला निमित्त मिळत नाही.

खरोखरच निकड असेल तर कारण सांगून विचारावे. १९७८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, झेरॉक्ससाठी थांबलेल्यांना 'पाचच पाने आहेत, आधी काढू का?' एवढेच विचारले तर ६० टक्के लोक हो म्हणाले. 'घाईत आहे' हे कारण जोडले तर ९४ टक्के. पाच पानांसाठी 'मला झेरॉक्स काढायची आहे म्हणून' असले पोकळ कारणही चालून गेले. पाने वीस झाली तेव्हा मात्र त्या पोकळ कारणाचा काही उपयोग झाला नाही. आणखी एक गोष्ट आपण विसरतो. पहिल्याने परवानगी दिली तरी थांबावे लागते ते मागच्या सगळ्यांना, म्हणून विचारायचे तर त्यांनाही विचारावे.

मोबाइलवरच्या मोठ्या आवाजामागे बहुधा उद्दामपणा नसतो. भोवती गोंगाट असला की माणसाचा आवाज नकळत चढतो. माइक तोंडाजवळ असला की हळू बोललेलेही पलीकडे ऐकू जाते, त्यामुळे ओरडायची गरज नसते. एकच बाजू ऐकू येणारे संभाषण पूर्ण संभाषणापेक्षा जास्त लक्ष वेधून घेते, म्हणून शेजारच्याला त्रास होतो. पण स्पीकर लावून दोन्ही बाजू ऐकवणे हा काही त्यावरचा उपाय नव्हे.

खिडकीपाशी आपली पाळी येण्याआधी फोन बंद करावा, कागद हातात तयार ठेवावेत. पलीकडच्यावर आवाज चढवून काम लवकर होते, हा तर निव्वळ गैरसमज आहे. इस्रायलमध्ये नवजात बालकांवर उपचार करणाऱ्या २४ पथकांवर एक प्रयोग झाला. तो २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. बनावट रुग्णावरचा सराव करताना काही पथकांना पाहुण्या तज्ज्ञाचे खोचक बोल ऐकवले गेले. त्या पथकांचे निदानही घसरले आणि हातचे कामही. ज्याच्याकडून आपल्याला अचूक काम हवे आहे, त्यालाच आपण बिथरवत असतो.

खिडक्या चालवणाऱ्यांनीही काही गोष्टी करायला हव्यात. बोलायचे छिद्र कमरेच्या उंचीवर असले की समोरच्याला वाकून ओरडावे लागते, आणि आतल्याला वाटते की हा आपल्यावर डाफरतोय. ते तोंडाच्या उंचीवर हवे, किंवा माइक हवा. कोणती कागदपत्रे लागतील याचा फलक रांग जिथे सुरू होते तिथे लावा. खिडकीशी पोचल्यावर तो वाचून काय उपयोग? आणि खिडकीवरच्या माणसाला मध्ये उठायची मोकळीक द्या, त्या वेळी बदली माणूस बसवा. 'जेवणाची सुट्टी' अशी पाटी लावून आत निघून गेलेल्या माणसाबद्दल रांगेत जो राग साठतो, तो पुढे तासभर तिथे येणाऱ्या प्रत्येकाच्या बोलण्यातून बाहेर पडत राहतो.

आपला,
एक वाचक