टेबल बुक करण्याआधी

चि. बाळ,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझ्या मैत्रिणीचे लग्न महिनाभरावर आले असून, त्याआधी सगळ्या मैत्रिणींनी मिळून तिला जेवायला न्यायचे ठरवले आहे आणि रेस्टॉरंट निवडण्याचे काम तुझ्याकडे आले आहे, हे तू काल सांगितलेस. पाठोपाठ सहा ठिकाणांचे फोटो पाठवून ‘यांतले कोणते घेऊ?’ असेही विचारलेस. मी घाईघाईने ‘दुसरे छान दिसते’ म्हणाले खरे, पण रात्री ते फोटो पुन्हा पाहिले तेव्हा आपण चुकीचे उत्तर दिले असे वाटत राहिले. म्हणून सविस्तर लिहीत आहे.

त्या सहाही फोटोंत एकही माणूस नाही. खुर्च्या नीट सरकवलेल्या, दिवे लावलेले, घड्या घातलेले रुमाल टेबलावर, असे ते सारे फोटो जागा रिकामी असताना काढलेले आहेत. तुम्ही मात्र तिथे जाणार शनिवारी रात्री, सगळी टेबले भरलेली असताना. त्या वेळी तिथे समोरच्या माणसाचे बोलणे ऐकू येते की नाही, हे कोणताही फोटो सांगू शकत नाही. माझ्या मते या जेवणासाठी जागा निवडताना पहिली चौकशी हीच करायला हवी. लग्नाच्या धामधुमीत नवरीमुलीला मैत्रिणींशी चार शब्द बोलायलाही सवड मिळत नाही, आणि ती सवड मिळावी म्हणून तर तुम्ही ही संध्याकाळ राखून ठेवत आहात.

मी हे इतक्या आग्रहाने का सांगते, ते तुला कधी सांगितलेले नाही. माझ्या लग्नाआधी माझ्या मैत्रिणींनीही मला असेच जेवायला नेले होते. आम्ही चौदा जणी होतो. जागा नवी होती, एका बाजूला पूर्ण काच, खाली दगडी फरशी, वर उंच उघडे छत. टेबल एकच, लांबच लांब, आणि मला मधोमध बसवलेले. शाळेत ज्या मुलीशेजारी मी सहा वर्षे एका बाकावर बसले, ती थोडी उशिरा आली आणि टोकाच्या खुर्चीवर, नेमकी स्पीकरखाली बसली. तिला लहानपणापासून कमी ऐकू येई व ती श्रवणयंत्र वापरत असे. सगळ्या हसल्या की तीही हसत होती, पण क्षणभर उशिरा, आणि त्याआधी तिची नजर शेजारणीच्या चेहऱ्याकडे जात होती. पाण्याचा पेला तिने दोन्ही हातांत धरला होता आणि घोट न घेता ती तो नुसता फिरवत होती. थोड्या वेळाने तिने यंत्र कानातून काढले, डबीत घातले आणि डबी पर्समध्ये ठेवली. मी तेव्हा श्रवणशास्त्राच्या दुसऱ्या वर्षाला होते. माणूस चारचौघांत यंत्र काढून ठेवतो याचा अर्थ मला शिकवलेला होता. तरीही आपल्यासाठी मांडलेल्या पंगतीतून मधेच उठणे बरे दिसणार नाही, असे वाटून मी जागची हलले नाही. डोके दुखते असे सांगून ती जेवण अर्धे टाकून गेली. तिने माझ्यासाठी काही लिहून आणले होते आणि ते सगळ्यांसमोर वाचणार होती, हे मला लग्नानंतर तो कागद पोस्टाने आला तेव्हा कळले. तो कागद अजून माझ्या कपाटात आहे. तो तिच्या तोंडून ऐकायचा राहिला.

त्या रात्री कोणी वाईट वागले नाही. जागा गोंगाटाची होती, इतकेच. भरलेल्या खोलीत गोंगाट का वाढत जातो, याचे एक कारण एत्येन लोंबार या फ्रेंच डॉक्टरांनी १९११ साली दाखवून दिले: आजूबाजूला आवाज असला की माणूस नकळत स्वतःचा आवाज चढवतो. एका टेबलावरचे लोक मोठ्याने बोलू लागले की शेजारच्या टेबलाला आवाज चढवावा लागतो, तो ऐकून पहिले टेबल आणखी मोठ्याने बोलते, आणि तासाभरात सगळी खोली ओरडत असते. नेहमीचे बोलणे साधारण ६० डेसिबलचे असते. गजबजलेल्या रेस्टॉरंटात हा आकडा ८० च्या पुढेही जातो. साठाचे ऐंशी झाले म्हणजे आवाज थोडासाच वाढला असे वाटेल, पण डेसिबलच्या मापात दर १० नी ध्वनीची तीव्रता दहापट होते, म्हणजे २० नी शंभरपट. श्रवणयंत्र अशा जागी फारसे कामी येत नाही, कारण ते हव्या असलेल्या बोलण्याबरोबर नको असलेला गलकाही मोठा करते. ज्यांचे कान उत्तम आहेत त्यांचेही हाल होतातच. आपल्या बोलण्यातले स, श, च यांसारखे बारीक आवाज गोंगाटात आधी बुडतात, स्वर तेवढे उरतात, आणि ‘साठ’ म्हटलेले ‘आठ’ ऐकू येते. सारखे ‘काय म्हणालीस?’ विचारण्याचा संकोच वाटतो, मग माणूस नुसती मान डोलावू लागतो.

यावर उपाय अवघड नाही. काच, दगड, फरशी, उघडे छत यांवरून आवाज परततो. पडदे, जाजम, गादीच्या खुर्च्या, कापडी छत हे तो शोषून घेतात. तू पाठवलेल्या फोटोंत मला आवडलेल्या दुसऱ्या ठिकाणी चारही बाजूंना काच आणि संगमरवर आहे, आणि पाचवे, ज्याला तू ‘जरा जुनाट’ म्हणालीस, तिथे जाड पडदे आणि गादीची आसने आहेत. तेव्हा माझे मत बदलले आहे असे समज. स्वतंत्र खोली मिळत असेल तर उत्तमच, पण खोली घेतल्यावर तिथल्या स्पीकरचा आवाज आपल्याला कमी करता येतो का, हे विचारायला विसरू नकोस. स्वयंपाकघराचे दार, बारचा कट्टा आणि मुख्य दरवाजा यांच्याजवळचे टेबल कितीही आग्रहाने दिले तरी घेऊ नकोस.

टेबलाच्या आकाराचाही विचार कर. माणसे आपसूक बोलू लागली की एका गप्पांत साधारण चार जणच राहतात आणि पाचवे आले की गट फुटू लागतो, असे मानसशास्त्रज्ञ रॉबिन डनबार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९५ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात दाखवले आहे, आणि कोणत्याही पंगतीत बसून पाहिले तरी ते पटते. तुम्ही बारा जणी आहात. प्रत्येकीला साधारण ६० सेंटिमीटर जागा धरली तर एका बाजूला सहा जणी बसवणारे टेबल ३६० सेंटिमीटर लांब होते, आणि एका टोकाचे बोलणे दुसऱ्या टोकाला कळण्याचा प्रश्नच उरत नाही. १८० सेंटिमीटर व्यासाच्या गोल टेबलाभोवती नऊ जणी बसतात. म्हणून मी तुझ्या जागी असते तर सहा-सहा जणींची दोन गोल टेबले शेजारी शेजारी मागितली असती आणि नवरीमुलीने निम्मे जेवण एका टेबलावर व निम्मे दुसऱ्यावर घ्यावे, असे आधीच ठरवून टाकले असते. त्यामुळे तिला सगळ्या जणी भेटतात आणि टोकाला कोणीच पडत नाही. जिला ऐकायला त्रास होतो तिला भिंतीकडे पाठ करून बसव, म्हणजे मागचा गलका कमी होतो, आणि समोरच्यांच्या चेहऱ्यावर उजेड राहील असे पाहा, कारण अशी माणसे ओठही वाचत असतात. मंद दिवे फोटोत सुंदर दिसतात, पण ओठ दिसत नाहीत.

आता मुख्य व्यक्तीविषयी. तू तिला काही न सांगता सगळे ठरवून चकित करायचे म्हणतेस. जेवणाच्या वेळी काय करणार आहात ते खुशाल गुप्त ठेव, परंतु तारीख, सोबत कोण येणार आणि तिला काय नको आहे, या तीन गोष्टी तिलाच विचार. काय हवे असे विचारले तर ती संकोचाने ‘काहीही चालेल’ म्हणेल. काय नको विचारले तर मोकळेपणाने सांगेल. तारीख लग्नाच्या आदल्या दोन-चार दिवसांतली मुळीच नको. त्या दिवसांत तिची झोप झालेली नसते आणि घरचे तिला सोडताना नाराज होतात.

खाण्याच्या बाबतीत आवडीनिवडी नंतर पाहा, आधी पथ्ये विचार. कोणाला अ‍ॅलर्जी आहे, कोण काय खात नाही, कोण गरोदर आहे, हे प्रत्येकीला स्वतंत्र संदेश पाठवून विचार. सगळ्यांच्या ग्रुपवर विचारलेस तर काही जणी गप्प बसतील. तुमच्यातल्या एकीला सीलिअ‍ॅक, म्हणजे ग्लुटेन या धान्यातल्या प्रथिनाने आतड्याला इजा होणारा आजार, आहे हे मला आठवते. तिला गहू, जव आणि राय यांतले ग्लुटेन अगदी थोडेही चालत नाही, आणि गव्हाचा पदार्थ तळलेल्या तेलात तिचा पदार्थ तळला तरी तो तिच्यासाठी निरुपयोगी ठरतो. दुधाचेही तसेच: दूध न पचणे वेगळे आणि दुधाची अ‍ॅलर्जी वेगळी, पहिल्यात पोट बिघडते, दुसऱ्यात जिवावर बेतू शकते. ही चौकशी रात्री गर्दीच्या वेळी फोनवरून करू नकोस. दुपारी, जेवणाची वेळ उलटल्यावर प्रत्यक्ष जा, स्वयंपाकघर सांभाळणाऱ्या माणसाशी बोल, आणि त्यांनी कबूल केलेले बुकिंगच्या नोंदीत लिहून घे. ‘करू काहीतरी अ‍ॅडजस्ट’ असे उत्तर आले तर ती जागा सोडून दे. जी वेटरला प्रश्न विचारत बसते आणि शेवटी कोशिंबिरीवर भागवते, तिला त्या रात्री पाहुणी असल्यासारखे वाटत नाही.

पैशांचे बोलणे तुला अवघड वाटते हे मला माहीत आहे, पण ते बुकिंगच्या आधीच व्हायला हवे. बारा जणींत नवरीमुलीचा खर्च बाकीच्या अकरा जणी उचलणार, म्हणजे प्रत्येकीचा वाटा स्वतःच्या खर्चापेक्षा साधारण ९ टक्के वाढणार; सेवाशुल्क आणि कर असतील तर ते आणखी वर. हा अंतिम आकडा सगळ्यांना आधी कळू दे. तुमच्यातल्या दोघींची नोकरी नुकतीच सुटली आहे, असे तू मागे बोलली होतीस. त्या दोघी तुला ‘परवडत नाही’ असे कधीच सांगणार नाहीत. ‘त्या दिवशी जमत नाही’ असे सांगतील. तेव्हा जागेचा दर्जा सर्वांत जास्त कमावणारीच्या खिशाकडे पाहून ठरवू नकोस. बिल सरसकट समान वाटायचे असेल तर ठरलेला मेन्यू घेणे बरे. बिल समान वाटले जाणार हे माहीत असले की लोक एरवीपेक्षा महागाचे मागवतात, हे अर्थशास्त्रज्ञ उरी ग्नीझी व त्यांच्या सहकाऱ्यांच्या २००४ सालच्या प्रयोगात दिसून आले आहे, आणि त्याचा भुर्दंड जपून मागवणाऱ्यांवर पडतो. ज्या मद्य घेणार नाहीत त्यांच्या वाट्यातून त्याचे पैसे वेगळे काढ, आणि हे त्यांना मागावे लागू नये.

बाकीच्या गोष्टी तुला सुचतीलच, तरी लिहिते. आगाऊ भरलेली रक्कम कोणत्या तारखेपर्यंत परत मिळते आणि माणसांचा पक्का आकडा कधी द्यायचा, ते लेखी घे. टेबल किती वेळ आपल्याकडे राहील तेही विचार. काही ठिकाणी दोन तासांनी उठवतात, आणि मनातले बोलणे सुरू व्हायला तेवढाच वेळ लागतो. पायऱ्या किती आहेत आणि स्वच्छतागृह त्याच मजल्यावर आहे का, हे स्वतः पाहा. रात्री एकट्या परतणाऱ्या मुलींना दाराशीच वाहन मिळेल, अशी जागा हवी.

एवढे झाल्यावर उरलेल्या दोन-तीन ठिकाणांची एक परीक्षा घे, जी आम्ही दवाखान्यात रोज घेतो. येत्या शनिवारी, ज्या वेळी तुमचे जेवण असेल नेमक्या त्याच वेळी, एका मैत्रिणीला घेऊन तिथे जा आणि काहीतरी हलके मागवून समोरासमोर बसा. मग ओठ दिसणार नाहीत असा हात किंवा मेन्यूकार्ड तोंडासमोर धरून, घरात बोलतेस त्याच आवाजात, तिला दहा सुटे शब्द एकेक करून सांग: साठ, पाट, चाक, शाल, काच, असे साधेच. तिने ते ऐकून परत म्हणायचे. नऊ-दहा बरोबर आले तर ती जागा घे. सहा-सातच आले तर चहा संपवून बाहेर पड, मग तिथल्या भिंती कितीही सुंदर असोत. जागा बदलून, म्हणजे एकदा मधल्या आणि एकदा कोपऱ्यातल्या टेबलावर, हे करता आले तर कोणते टेबल मागायचे तेही कळेल.

रविवारी सकाळी मी घरीच आहे. कोणत्या ठिकाणी किती शब्द आले ते तेव्हा कळव, म्हणजे मग आपण बसण्याची मांडणी कागदावर काढू.

तुझी,
आई