मावशी, तुम्ही बूट काढलेत

आदरणीय मावशी,

तुमचं नाव इथे लिहीत नाही. चारचौघांत नाव घेतलेलं तुम्हाला रुचत नाही, एवढं मी ओळखून आहे. पत्र मराठीत आहे, माझी मुलगी ते फोनवर तुम्हाला इंग्रजीतून सांगेल. पण आधी ते माझ्या माणसांनी वाचावं असं मला वाटतं, कारण तुम्ही जे केलंत त्याची किंमत तुमच्या गावापेक्षा माझ्या गावात लवकर कळेल.

मी साताऱ्याची, तीस वर्षं शाळेत इतिहास शिकवून निवृत्त झाले. मुलीच्या पहिल्या बाळंतपणासाठी अमेरिकेत, पेनसिल्व्हेनियातल्या बेथलेहेम गावी गेले होते. डिंक, अळीव, खारका, बाळाची झबली-टोपडी, सगळं बॅगेत कोंबून नेलं आणि बाळ दहा आठवडे आधीच आलं. काचेच्या पेटीत, नळ्यांच्या गुंत्यात मूठभर जीव. आत एका वेळी दोघांनाच सोडत, त्यामुळे दुपारभर मुलगी-जावई तिथे आणि माझी पाळी संध्याकाळी. रिकाम्या घरात भिंती अंगावर यायच्या, म्हणून मी बर्फातून गावभर चालत राहायची.

त्याच दिवसांत एका ओळखीच्या बाई मला जवळच्या दुसऱ्या गावातली एक जुनी वास्तू दाखवायला घेऊन गेल्या. दाराशी मी सवयीने बूट काढले. दारावरच्या माणसाने सगळ्यांदेखत सुनावलं, बूट घाला, हे काय तुमचं घर आहे का? मागची रांग हसली. ते एक वेळ सोसलं असतं, पण बरोबरच्या बाई आपल्याकडच्याच, आणि त्यांनी माझी ओळख नसल्यासारखं तोंड फिरवलं. बाळ तिकडे झुंजत होतं आणि मी परक्या दारात वाकून नाड्या बांधत होते. डोळ्यांतल्या पाण्याने नाड्या दिसेनात.

म्हणून पंधरा दिवसांनी बेथलेहेममधल्या तुमच्या मोरावियन पंथाच्या चर्चच्या दारात माझा हात बुटांपाशी गेला आणि तिथेच थांबला. तुम्ही माझ्या हाताकडे पाहिलंत, मग माझ्या तोंडाकडे. विचारलं काहीच नाहीत. काठी भिंतीला टेकवलीत आणि शेजारच्या बाकावर बसून स्वतःच्या बुटांच्या नाड्या सोडायला लागलात. संधिवाताने वाकडी झालेली तुमची बोटं, घट्ट बसलेली गाठ. केवढा तरी वेळ लागला. रस्त्यावर टाकलेल्या मिठाचे पांढरे डाग पडलेले तपकिरी बूट तुम्ही भिंतीकडे टोकं करून नीट ठेवलेत, आणि शेजारी माझ्यासाठी जागा सोडलीत. तुमच्या राखाडी लोकरी मोज्याला टाचेशी रफू होतं. मग माझा दंड धरून म्हणालात, चला.

त्या गार जमिनीवरून आपण दोघी मोज्यांनी चाललो. आत सगळं पांढरं, उंच खिडक्या, साधी काच, मधे एकही खांब नाही. १८०३ ते १८०६ या काळात ही वास्तू उभी राहिली तेव्हा गावाची वस्ती सहाशेच्या आत होती, आणि जागा मात्र हजारावर माणसांची केली! तुम्ही सावकाश, सोप्या इंग्रजीत सांगत होतात. एखादं नाव मला कळलं नाही की कागदावर मोठ्या अक्षरात लिहीत होतात.

तुमच्या पंथाची गोष्ट बोहेमियातल्या यान हुस या धर्मसुधारकापासून सुरू झाली, ते नाव मला माहीत होतं. ल्यूथरच्या शंभर वर्षं आधी, १४१५ साली, धर्मसत्तेच्या चुका बोलून दाखवल्या म्हणून त्याला जिवंत जाळलं. त्याच्या मागच्यांनी १४५७ मध्ये बंधुसंघ स्थापला, पुढे तोही चिरडला गेला आणि मोराविया-बोहेमियात, म्हणजे आजच्या चेक देशात, लोक पिढ्यान्‌पिढ्या घरात लपून प्रार्थना करत राहिले. ख्रिस्तियान डाविड नावाचा एक सुतार त्यांतल्या काहींना सीमेपार घेऊन आला. १७२२ साली जर्मनीतल्या सॅक्सनीच्या त्सिंझेनडोर्फ या तरुण काउंटने, म्हणजे उमरावाने, त्यांना आपल्या जमिनीवर आसरा दिला, तेच हेर्नहूट गाव. हे सांगताना तुम्ही काउंटपेक्षा सुताराचं नाव जास्त वेळा घेतलंत, ते मला फार आवडलं. देशोधडीला लागलेली ही माणसं दहा वर्षांत समुद्रापार निघाली. पुढे त्यांच्यातलेच काही हिमालयात केलाँगला आणि लेहला पोचले, हे मी तुम्हाला सांगितलं तेव्हा तुम्ही माझा हात दाबलात.

बेथलेहेमचं पहिलं घर ओंडक्यांचं होतं. एका बाजूला माणसं, दुसऱ्या बाजूला गुरं. १७४१ च्या २४ डिसेंबरच्या रात्री काउंट सगळ्यांना गात गात गोठ्याकडे घेऊन गेले. जेरुसलेम नको, येशू जन्मला ते बेथलेहेम हवं, अशा अर्थाचं ते गाणं, आणि गावाला नाव मिळालं. पुढच्याच वर्षी काउंटच्या सोळा वर्षांच्या मुलीने, बेनिग्नाने, मुलींची शाळा काढली. मी तुम्हाला लगेच आमच्या सावित्रीबाई सांगितल्या, १८४८ सालचा भिडेवाडा सांगितला. तुम्ही तो शब्द माझ्याकडून दोनदा म्हणून घेतलात.

तुम्ही काही लपवलं नाहीत. या देवमाणसांच्या गावात गुलाम म्हणून ठेवलेली माणसंही होती, हे मी न विचारता सांगितलंत. मग १७४२ पासूनच्या जुन्या दफनभूमीत नेलंत आणि झाडूने एका जागचं बर्फ बाजूला केलंत. खाली जमिनीलगत आडवी शिळा. सगळ्या तशाच, कुणाचीही दुसऱ्याहून उंच नाही. नवरा-बायकोही शेजारी नाहीत. पुरुष पुरुषांत, बायका बायकांत, मुलं मुलांत, ज्या क्रमाने गेले त्या क्रमाने. त्यात तिथले मूळनिवासी आहेत, आफ्रिकेतून आणलेले आहेत आणि युरोपातून आलेलेही.

लहान मुलांच्या ओळींपाशी माझे पाय अडखळले. तेवढ्यात चर्चकडून वाद्यांचा आवाज आला. ट्रॉम्बोन, तुम्ही म्हणालात, १७५४ पासूनचे. पूर्वी गावात कुणी गेलं की मनोऱ्यावरून वाजवत. कुमारिकेला वेगळी चाल, विधवेला वेगळी, मुलाला वेगळी, त्यावरून कोण गेलं ते ऐकणाऱ्याला कळे. हे सांगता सांगता तुम्ही माझ्याकडे पाहिलंत आणि मधेच थांबलात. मग घाईने म्हणालात, आज नाताळची तालीम आहे, आनंदाचं वाजवताहेत. तुम्हाला पेटीतल्या बाळाची गोष्ट तोवर मी सांगितलेलीच नव्हती. तिथेच सांगितली. तुम्ही सगळं बरं होईल म्हणाला नाहीत. बाळाचं वजन किती, एवढंच विचारलंत, आणि त्या दिवसापासून रोज संध्याकाळी मुलीच्या फोनवर तुमचा निरोप यायचा, आज किती?

आपण भलेपणाबद्दल खूप बोलतो. मीही वर्गात बोलले. पाहुण्याला मान द्यावा, दुसऱ्याच्या श्रद्धेचा आदर करावा, फळ्यावर लिहून दिलंय. पण ऐंशी ओलांडलेल्या बाईने, दुखऱ्या बोटांनी, स्वतःच्या देवळात, स्वतःच्या रीतीबाहेर जाऊन बूट काढावेत, परकीला एकटं वाटू नये म्हणून? मावशी, मी असं कधी कुणासाठी केलं का, हे त्या रात्री आठवत पडले.

२४ डिसेंबरला तुम्ही मला शेजारी बसवलंत. सगळ्यांना बसल्या जागी गोड पाव आणि कॉफी, पंगतीसारखी. मग अंधार झाला आणि मुलांच्या हातात मधमाशीच्या मेणाच्या मेणबत्त्या आल्या, बुडाशी लाल कागदाची झालर लावलेल्या. माझी तुम्ही पेटवलीत. जुलै २०२४ मध्ये हेर्नहूट आणि उत्तर आयर्लंडातल्या ग्रेसहिलसह तुमच्या गावाला जागतिक वारसा म्हणून मान मिळाला. ते ठरवणारी युनेस्कोची बैठक आमच्या दिल्लीत झाली होती, हे तुम्ही शेजारच्या बाकावरच्यांना त्या रात्री इतक्या कौतुकाने सांगत होतात, जणू तो निर्णय मीच घेतला होता.

नात आता घरी आहे, साडेपाच किलोची. त्या मेणबत्तीचा उरलेला तुकडा मी सोबत आणला, देव्हाऱ्याच्या खणात ठेवलाय.

या पत्राबरोबर एक लहान पार्सल निघालंय, त्यात लोकरीच्या मोज्यांचा एक जोड आहे, टाच दुहेरी विणलेली. तुमच्या पावलाचं माप घ्यायचं राहून गेलं. पण त्या दिवशी दाराशी तुमचे बूट माझ्या बुटांपेक्षा बोटभर लांब दिसले होते, त्या अंदाजाने विणलेत. सैल झाले तर कळवा.

तुमची,
साताऱ्याची बाई