ट्यूबची मागची बाजू वाच

कराड,
मंगळवार, रात्री

चि. अमेय यास अनेक आशीर्वाद.

रविवारी तुम्ही निघालात तेव्हा मी गाडीपर्यंत आलो नाही. पाय दुखतायत असं आईने सांगितलं असेल. पाय दुखत नव्हते. मीनलसमोर तुझ्यावर आवाज चढवला, त्याची लाज वाटत होती. तू "बाबा, तुमचा काळ गेला" म्हणालास, त्याचं मनाला लावून घेतलेलं नाही. चिऊच्या डायपरच्या लालीवर तू दुकानातून आणलेल्या मलमाच्या ट्यूबचा विषय या पत्रात काढायचा नाही, असं ठरवून बसलोय.

चिऊची शी आता घट्ट झाली का? कफासाठी अँटिबायोटिक दिलं, त्याने पोट बिघडलं आणि सारखी शी होऊन कातडी सोलवटली. शी-शू डायपरात एकत्र राहिली की शीतले पाचक रस कातडीलाच जाळतात. नुसतं तेवढंच असेल तर डायपर घासतो तो फुगीर भाग लाल होतो, घड्या बहुतेक कोऱ्या राहतात. पण शनिवारी दिवाणावर तू तिचे पाय वर धरलेस, तेव्हा मी चष्मा लावून नीट पाहिलं. जांघेच्या घडीत गडद लाल होतं, आणि कडेपासून जरा दूर मोहरीएवढे सुटे लाल ठिपके. ही बुरशीची खूण. अँटिबायोटिकनंतर पुष्कळ बाळांना होते. तोंडातही बघ, जिभेवर किंवा गालाच्या आत पुसून न निघणारा पांढरा थर आहे का.

आणि म्हणूनच ती ट्यूब नको रे. त्यात बुरशीचं औषध आहे, जंतूंचं आहे आणि स्टिरॉइडही आहे. मी 31 वर्षं मेडिकलच्या काउंटरवर उभा होतो. "बाळाला लाल झालंय, काहीतरी द्या" म्हणत बायका यायच्या आणि मी अशाच ट्यूबा त्यांच्या हातात ठेवल्या. दोन दिवसांत लाली उतरायची, पुढच्या वेळी त्या नाव सांगून मागायच्या. स्टिरॉइड लाली दाबतं, खाली बुरशीला मोकळं रान मिळतं. बाळाची कातडी आधीच नाजूक, त्यावर डायपरचं घट्ट झाकण, म्हणजे औषध आत जास्त मुरतं. कातडी विरत जाते. 2018 साली सरकारने अंगाला लावायची स्टिरॉइडं चिठ्ठीशिवाय विकायला बंदी घातली, तरी तुला ती मिळालीच. देणाऱ्याला तरी काय बोलू, मीही तेच केलंय.

तू आठ महिन्यांचा होतास तेव्हाचं तुला कधी सांगितलं नाही. उन्हाळा होता. शू झाली की तू असा किंचाळायचास की शेजारच्या काकू धावत यायच्या. मी दुकानातून बोरिक पावडर आणली आणि रोज दुपट्यावर भुरभुरायचो. मोठ्या विश्वासाने. डॉक्टरांनी पाहिलं आणि डबा माझ्या हातातून काढून घेतला. सोललेल्या कातडीतून बोरिक अंगात जातं, बाळाला विषबाधा होऊ शकते, म्हणाले. त्या रात्री तुझी आई तुला उघडा मांडीवर घेऊन बसली होती आणि मी सारखा तुझा श्वास बघत होतो. औषधातलं कळतं म्हणून गल्लीतले लोक मला विचारायला यायचे, आणि घरात हे. तुला काही झालं नाही. पण ट्यूब पाहिली की मला तो डबा आठवतो.

आता करायचं ते साधं आहे. दर दोन-अडीच तासांनी डायपर बदला, शी झाली की लगेच. वाइप्सने घासू नका. कोमट पाणी आणि कापूस. टिपून कोरडं करा. दिवसातून चार-पाचदा तरी अर्धा तास उघडी ठेवा, गादीवर मेणकापड घाला, होऊ दे ओलं. मग झिंक ऑक्साइडचं मलम, तेही गिलावा केल्यासारखं जाड. पुढच्या वेळी ते सगळं खरवडून काढायचं नाही, मळलेलं तेवढं पुसायचं आणि वरून नवं लावायचं. पावडर कुठलीच नको, श्वासातून छातीत जाते. विट्याची मावशी हळद लाव म्हणेल, हो म्हण आणि लावू नकोस. बुरशीचं नुसतं मलम मिळतं, पण ते बालरोगतज्ज्ञांनी बघून दिलेलं बरं. ताप आला, फोड आले, पू दिसला तर एक दिवसही थांबू नकोस. ट्यूब दोन-तीनदा लावून झाली असेल तर घाबरू नकोस, फक्त डॉक्टरांपासून लपवू नकोस.

पुन्हा भाषणच झालं. माफ कर. खरं सांगायचं ते वेगळंच होतं. शनिवारी रात्री दोन वाजता तू न उठवता उठलास, तिला धुतलंस, गुणगुणत डायपर बदललास. मी दारातून पाहत होतो. तुझं दुपटं मी एकदाही बदललं नाही, ते सगळं आईने केलं. तुझे हात माझ्यापेक्षा चांगले आहेत.

आईने जुन्या सुती पातळाची बारा दुपटी शिवलीत, धुऊन उन्हात कडक वाळवलीत. गुरुवारी पाठवतो. मीनलला सांग, मी रागावलेलो नाही.

तुझा,
बाबा

ता. क. त्या ट्यूबच्या मागच्या बाजूचा फोटो पाठव. बारीक अक्षरात बीटामेथासोन किंवा क्लोबेटासोल असेल, तीच स्टिरॉइडं. मी जागा आहे.